चार प्लेटींत इन्सर्टला टवका? ग्रेड बदलण्याआधी मेलेली धार बघा

समस्या आधी सांगतो, म्हणजे तुमचीही हीच आहे का ते कळेल.

साकीनाक्याला आमचा गाळा आहे. एक व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं उभं मिलिंग मशीन, एक जुनं हाताचं उभं मिलिंग मशीन आणि दोन लेथ. फिक्श्चरच्या बेस प्लेटा हे आमचं रोजचं काम. ईएन ८, म्हणजे मध्यम कार्बनचं स्टील, ४५ मिमी रुंद, ३२० लांब, २५ जाड. वरून ३ मिमी माल काढायचा. कटर ६३ मिमीचा, ९० अंशी, पाच दातांचा. त्यात एपीकेटी १६०४ साइजचे इन्सर्ट, म्हणजे दातावर स्क्रूने बसवायचे कार्बाइडचे धारदार तुकडे. ९०० आरपीएम, मिनिटाला ४५० मिमी फीड, कुलंट, म्हणजे गार ठेवायचं पाणी, चालू. कागदावर यात वावगं काही नाही. तरी चौथ्या-पाचव्या प्लेटीला आवाज बदलायचा. एकसारख्या घरघरीत मध्येच टक-टक सुरू व्हायची आणि पाठोपाठ प्लेटीवर ओरखडा उमटायचा. मशीन थांबवून बघावं तर एका इन्सर्टचा टवका उडालेला, आणि त्याचं ओझं अंगावर घेऊन पुढचाही अर्धमेला.

चार महिन्यांत चार ग्रेड, म्हणजे इन्सर्टच्या मालाचे आणि लेपाचे प्रकार, झाल्या. एक सोनेरी, एक काळी, एक जांभळट आणि एक "ही घ्या, सगळ्याला चालते" म्हणून दिलेली. प्रत्येक नवी डबी पहिला दिवस बरी चालायची, मग पुन्हा तेच. आमचा ऑपरेटर कंटाळून म्हणाला, "काका, ही पण गेली. आता पाचवी कुठली?"

पाचवी आणली नाही, तीच गोष्ट सांगतोय. स्टीलच्या मिलिंगला कोणता इन्सर्ट घ्यावा याचं उत्तर कॅटलॉगच्या आधी भंगाराच्या डब्यात असतं. जुना इन्सर्ट कसा मेला ते बघितल्याशिवाय नवा निवडणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

भंगारातला इन्सर्ट कसा वाचायचा

दहापट मोठं दिसणारं भिंग घ्या. घड्याळजीचं चालतं, मोबाइलचा झूम चालत नाही. इन्सर्ट रॉकेलने पुसा आणि ट्यूबलाइटखाली तिरका धरा. आणि हे महत्त्वाचं: पूर्ण तुटलेला इन्सर्ट बघून काही कळत नाही, पुरावाच उडून गेलेला असतो. दुसऱ्या प्लेटीनंतर मशीन थांबवा आणि धडधाकट दिसणारे इन्सर्ट काढून बघा.

आम्ही तसं केलं. पाचही इन्सर्टच्या धारेवर, धारेला काटकोनात, फणीच्या दातांसारख्या बारीक चिरा होत्या. एकेका धारेवर पाच-सहा. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नव्हत्या, पण नखावर धार ओढली की किंचित अडखळत होती. या चिरा म्हणजे गरम-थंडीचा तडाखा. दोन चिरांमधला तुकडा सुटला की तोच आपला टवका.

धारेखालच्या अंगाला सगळीकडे सारखा, सरळ, चमकदार पट्टा पडलेला दिसला तर तो नैसर्गिक मृत्यू, तक्रार करू नका. पट्टा ०.३ मिमीच्या आसपास गेला की कोपरा फिरवा, म्हणजे इन्सर्टची न वापरलेली धार पुढे घ्या. धारेवर माल चढलेला दिसला, म्हणजे जॉबचंच चकचकीत लोखंड चिकटलेलं, तर स्पीड कमी पडतोय. एमएसवर, म्हणजे साध्या कमी कार्बनच्या स्टीलवर, हे हमखास होतं. धारेच्या मागे, चिप (कापून निघालेला माल) जिथून घसरत जाते तिथे खड्डा पडला असेल तर तिथली उष्णता त्या ग्रेडला झेपत नाहीये किंवा ग्रेडच स्टीलची नाही. धार खाली दबून चपटी झाली असेल तर उष्णता आणि दाब दोन्ही जास्त. एकाच उंचीवर, जिथे डेप्थ, म्हणजे कापायची खोली, संपते बरोबर तिथेच खाच पडली असेल तर जॉबची कातडी कडक आहे. आणि चिरा नाहीत, खड्डा नाही, नुसतेच कुठेही टवके उडालेत, तर आदळआपट आहे: थरथर, ढिलेपणा, चुकीची एंट्री, नाहीतर गरजेपेक्षा कडक ग्रेड.

यातले दोन प्रकार एकत्र दिसले की माणूस गोंधळतो. आमचंही तेच झालं.

पहिला गुन्हेगार: पाणी

मिलिंगमध्ये इन्सर्ट सतत कापत नाही. फेऱ्याचा काही भाग मालात असतो आणि बाकीचा हवेत. ९०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा आत-बाहेर. आत असताना धार कित्येकशे अंशांना तापते, बाहेर आली की तिच्यावर कुलंटचा झोत बसतो. आमच्या एका प्लेटीला साधारण ५० सेकंद लागायची, म्हणजे साडेसातशे वेळा तापव आणि विझव. लोहार पातं एकदाच पाण्यात घालतो, आपण साडेसातशे वेळा. कार्बाइड कडक असतं, पण असं ताणलं-आवळलेलं त्याला सोसत नाही.

लेथवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे धार एकदा मालात गेली की आतच राहते. लेथवर शिकलेला माणूस मिलिंगवर आला की हात आपोआप कुलंटच्या बटणाकडे जातो. आमच्याकडेही पाणी बंद करायचं म्हटल्यावर कुरबूर झालीच. "काका, धूर येईल." "चिपा उडतील." येतो थोडा धूर, उडतात थोड्या चिपा. मशीनचं दार बंद ठेवा आणि आसपास तेलकट कॉटन वेस्ट ठेवू नका. गरम चिप त्यावर पडली तर काय होईल हे सांगायला नको.

पाणी बंद, पण हवा चालू. हवेचा झोत नेमका कटरच्या पुढ्यात हवा, म्हणजे कापलेली चिप पुन्हा दाताखाली येत नाही. पुन्हा कापली गेलेली चिपसुद्धा धारेचा टवका उडवते, आणि खोल खाच किंवा पॉकेट मारताना तर हेच मोठं कारण असतं. चिपा गवती-तपकिरी किंवा निळसर पडल्या तर घाबरू नका. उष्णता चिपेबरोबर निघून जातेय, जॉबमध्ये आणि इन्सर्टमध्ये राहत नाहीये, हेच आपल्याला हवं असतं.

पाणी कधी लागतं? स्टेनलेसला बरेचदा लागतं. पातळ जॉब तापून वाकत असेल तर लागतं. कमी स्पीडच्या फिनिशिंगला चालतं. पण द्यायचं तर भरपूर आणि थेट धारेवर. नळ गळावा तसं थेंब-थेंब पाणी सगळ्यात वाईट, त्यापेक्षा अजिबात नको. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या दमट हवेत कोरडा मारलेला जॉब रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी तांबूस झालेला सापडेल. संध्याकाळी तेलाचा हात फिरवून ठेवा. आमच्या ऑपरेटरची पाण्याबद्दलची खरी ओढ गंजामुळे होती, इन्सर्टमुळे नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

पाणी बंद केलं त्या दिवशी त्याच जांभळट ग्रेडवर चौदा प्लेटा निघाल्या. म्हटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी प्लेटांचा नवा लॉट लावला आणि सहाव्या प्लेटीला टवका.

मधेच ग्रेडबद्दल, कारण तिथेही आमची चूक होतीच

कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले. कोबाल्ट जास्त तर माल चिवट, कमी तर कडक. जुने फिटर अजून याला विडियाच म्हणतात. १९२० च्या दशकात जर्मनीत क्रुपने हे बाजारात आणलं तेव्हा "वी डियामांट", म्हणजे हिऱ्यासारखं, यावरून ते नाव पडलं. वर लेप द्यायची पद्धत बरीच नंतरची, १९६९ च्या सुमारासची.

डबीवर निळा रंग आणि पी अक्षर असेल तर ते स्टीलसाठी. पिवळा आणि एम म्हणजे स्टेनलेस, लाल आणि के म्हणजे कास्ट आयर्न. हे जगभर सारखं आहे. अक्षरापुढचा आकडा लहान, म्हणजे पी १० वगैरे, तर इन्सर्ट कडक आणि झिजायला चिवट, पण धक्क्याला नाजूक. आकडा मोठा, पी ४० वगैरे, तर धक्का सोसेल पण लवकर झिजेल. कंपनीच्या ग्रेडचं नाव मात्र ज्याचं त्याचं वेगळं. एका कंपनीच्या ग्रेडमधले आकडे दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांशी जुळवायला जाऊ नका. पी किती ते बघा.

आमच्या चारपैकी "सगळ्याला चालते"वाली डबी नीट वाचली तर त्यावर लाल पट्टी ठळक होती. कास्ट आयर्नची ग्रेड. तिने स्टील कापलं जातं, नाही असं नाही, पण वरचा लेप घासला गेला की गरम स्टीलची चिप आतलं कार्बाइड खात जाते आणि धारेच्या मागे खड्डा पडतो. स्टीलच्या ग्रेडमध्ये टायटॅनियम-टँटलमची कार्बाइडं मिसळतात ती बहुतेक यासाठीच. सोनेरी डबी बघितली तर ती लेथची ग्रेड निघाली. इन्सर्ट बसतो म्हणून तो चालतो असं नाही.

आणि रंगावर जाऊ नका हो. सोनेरी म्हणजे सगळ्यात वर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर, बस. त्याचा मोठा उपयोग म्हणजे कुठला कोपरा वापरलाय ते पटकन दिसतं. आतली ग्रेड काय आहे ते रंगावरून कळत नाही.

लेप दोन तऱ्हेचे. सीव्हीडी हा जवळपास हजार अंशांच्या वायूत चढवतात. तो जाड असतो आणि त्यात ॲल्युमिनाचा थर घालता येतो, तो उष्णता अडवतो. पण थंड होताना लेप ताणला जातो. जाड गिलावा तडकतो तसंच काहीसं. पीव्हीडी बऱ्याच कमी तापमानाला, ४००-६०० अंशांच्या आसपास चढतो. तो पातळ, दोन ते सहा मायक्रॉनचा, धारेला घट्ट आवळून बसलेला, त्यामुळे धार तीक्ष्ण ठेवता येते आणि धक्का जास्त सोसते. सीव्हीडीवर आता नंतर ब्लास्टिंग करून तो ताण उतरवतात, म्हणून चांगल्या कंपनीचा मिलिंगचा सीव्हीडी पूर्वीइतका नाजूक राहिलेला नाही.

माझं मत विचाराल तर मुंबईतल्या आपल्यासारख्या गाळ्यात, जिथे मशीन दहा-पंधरा वर्षांचं, जॉब रोज वेगळा आणि क्लँपिंग कधी घट्ट कधी जेमतेम, तिथे पहिली डबी पीव्हीडी, पी ३० ते पी ३५, मध्यम जॉमेट्रीची, म्हणजे धारेची घडण ना फार तीक्ष्ण ना फार बोथट अशी, घ्यावी. सीव्हीडी पी २५ तेव्हा, जेव्हा एकच जॉब शेकड्याने आहे, मशीन दणकट आहे, काम कोरडं आहे आणि धारेचा स्पीड मिनिटाला २२०-२५० मीटरपर्यंत न्यायचा आहे. तिथे ती पीव्हीडीच्या पुढे जाते. तुकड्या-तुकड्याच्या कामात मात्र तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

ईएन २४ (मिश्रधातूचं स्टील) टी कंडिशनमध्ये, म्हणजे आधीच उष्णता देऊन कडक केलेला आला, कडकपणा २५० ते ३०० ब्रिनेलच्या आसपास, तरी ग्रेड तीच ठेवा. फक्त स्पीड पाऊणपट करा. लोक इथे उगाच कडक ग्रेड शोधायला निघतात.

इन्सर्टच्या नावाचा शेवटही वाचा. पीडीईआर, पीडीएसआर असं काहीतरी असतं. त्यातलं ई म्हणजे धार किंचित गोल केलेली, टी म्हणजे धारेला छोटा चेंफर, एस म्हणजे दोन्ही, एफ म्हणजे सरळ तीक्ष्ण धार. ॲल्युमिनियमचा चकचकीत एफ इन्सर्ट स्टीलला लावला तर पहिल्याच प्लेटीला धार जाते. टवक्यांचा त्रास असेल तर ग्रेड बदलण्याआधी त्याच ग्रेडची एस किंवा टी धार मिळते का विचारा. हा उपाय स्वस्त आहे आणि फारसा कोणी करत नाही.

फीड कमी करणं हा उपाय नव्हे

टवका उडाला की पहिली प्रतिक्रिया काय? फीड कमी कर. आम्हीही ४५० वरून ३०० वर आलो होतो. हिशेब करा. ३०० भागिले ९०० भागिले ५, म्हणजे दातामागे जेमतेम ०.०६७ मिमी. गोल केलेल्या किंवा चेंफरवाल्या धारेला एवढ्याशा मालात नीट शिरताच येत नाही, ती कापण्याऐवजी घासत बसते. उष्णता वाढते, झीज वाढते, आणि आपण आणखी फीड कमी करतो.

अशा इन्सर्टला दातामागे ०.१२ ते ०.१८ द्यायला हरकत नाही. आम्ही आता ०.१५ वर आहोत, म्हणजे ९०० आरपीएमला ६७५ फीड. ३ मिमी डेप्थला स्पिंडलवर अडीच किलोवॅटच्या वर भार येतो. व्हीएमसीला ते काहीच नाही. जुन्या मिलिंगची मोटर ३ एचपी, म्हणजे २.२ किलोवॅट, तिथे डेप्थ दीडवर आणा, पण दातामागचं फीड कमी करू नका.

बाजूने थोडाच माल घ्यायचा असेल तेव्हा तर चिप आणखी पातळ होते. ५० मिमीच्या कटरने बाजूने ५ मिमी घेतलात तर चिपेची सर्वात जास्त जाडी दातामागच्या फीडच्या ६० टक्केच भरते. तिथे ०.१५ची चिप हवी तर फीड ०.२५ द्यावं लागतं. ऐकायला भीती वाटते, पण एकदा देऊन बघा आणि आवाज ऐका.

दुसरा गुन्हेगार: कटर बरोबर मधोमध

सहाव्या प्लेटीवाले इन्सर्ट भिंगाखाली घेतले. आता फणीच्या चिरा नव्हत्या. नुसते टवके. म्हणजे आदळआपट.

आमचा प्रोग्रॅम प्लेटीच्या मध्यरेषेवरून जायचा. दिसायला छान, दोन्हीकडे सारखा कटर बाहेर. पण मधोमध चालणारा कटर अर्धा उलटा कापतो आणि अर्धा सुलटा (सुलटा म्हणजे दात जॉबच्या सरकण्याच्या दिशेने, उलटा म्हणजे त्याविरुद्ध), त्यामुळे जोराची दिशा सारखी डावी-उजवी होते आणि मशीनमध्ये जिथे ढिलाई असेल तिथे ठोके बसतात. त्याहून वाईट म्हणजे दात मालाबाहेर पडतो तेव्हा चिप जाड असते. कार्बाइडला आत शिरताना दाबलं तर ते सोसतं. जाड चिपेवरून एकदम बाहेर पडताना धारेवरचा दाब क्षणात सुटून ताण येतो, तो सोसत नाही.

४५ रुंदीवर ६३ चा कटर मधोमध असेल तर बाहेर पडताना चिप दातामागच्या फीडच्या ७० टक्के जाड असते. तोच कटर साडेसात मिमी बाजूला सरकवला, म्हणजे बाहेर पडायच्या बाजूला जेमतेम दीड मिमी लोंबेल असा ठेवला, तर ती ३० टक्क्यांवर येते. शिरताना जाड, निघताना पातळ. यासाठी कटर सुलटा, म्हणजे क्लाइंब, चालायला हवा, सरकवायची बाजू चुकवू नका. प्रोग्रॅममध्ये वाय अक्षाचा एक आकडा बदलायचा, खर्च शून्य.

जुन्या मिलिंगवर स्क्रूत बॅकलॅश, म्हणजे ढिली खेळती जागा, असेल तर सुलटं कापताना टेबल ओढलं जातं. तिथे हा शहाणपणा करू नका.

प्लेटीत शिरताना सरळ घुसण्याऐवजी छोट्या कमानीतून वळत आत आणलं तर पहिला धक्का मऊ होतो. ते जमत नसेल तर कटर पूर्ण आत जाईपर्यंत आणि शेवटी बाहेर पडताना फीड निम्मं. फीड कमी करायची खरी जागा तेवढीच.

एवढं केल्यावर सहाच्या नऊ प्लेटा झाल्या. पण आदल्या लॉटला चौदा निघाल्या होत्या, तेही कटर मधोमध असताना. म्हणजे अजून काहीतरी होतं.

तिसरा गुन्हेगार, जो टेबलावरच पडलेला होता

हे ऑपरेटरनेच पकडलं. एका दुपारी तो नवीन प्लेटीच्या कडेवरची बर, म्हणजे कापताना उठलेली पत्री, काढत होता. कानस लावली तर कानस घसरायला लागली. "काका, ही कड बघा, काचेसारखी लागते." मी स्वतः लावून बघितली. वरच्या पृष्ठभागावर कानस नीट माल घेत होती. लांब कडेवर मात्र सुळ्ळकन सरकत होती आणि आवाजही वेगळा, किरकिरा.

प्लेटा गॅस कटिंगच्या होत्या. ईएन ८ मध्ये साधारण ०.४ टक्के कार्बन असतो. गॅसच्या ज्योतीने कड लालभडक होते आणि आतला थंड माल लगेच तिची उष्णता ओढून घेतो. पाण्यात न बुडवताही हार्डनिंग होऊन बसतं. वर गॅस कटिंगची काळी खपली आणि थेंब-थेंब साकळलेला मळ. आमचा प्रत्येक दात प्रत्येक फेऱ्याला या कडेतून आत शिरत होता आणि समोरच्या तसल्याच कडेतून बाहेर पडत होता. चौदावाला लॉट बँडसॉने, म्हणजे पट्ट्याच्या करवतीने, कापलेला होता. आम्ही दोन्ही ठिकाणांहून माल घेत होतो, कधी कळंबोलीहून, कधी दारूखान्याहून, जिथे जो साइज मिळेल तो. "कधी चालतं, कधी नाही" याचं सगळं कोडं त्या चलनांच्या फायलीत होतं.

उपाय तीन. एक, प्लेट बँडसॉने कापून मागवा, कापाईचे पैसे थोडे जास्त पडतात पण इन्सर्टमध्ये वसूल होतात. दोन, गॅस कटिंगचाच माल असेल तर आधी दोन्ही लांब कडा वेगळ्या मारून घ्या, वापरलेल्या कोपऱ्याने, कमी स्पीडने, आणि डेप्थ कडक थराच्या खाली जाईल एवढी, म्हणजे दोन-अडीच मिमी. वरवर अर्धा मिमी घासत गेलात तर धार नेमकी त्या कडक कातडीतच फिरत राहते. तीन, मार्जिन नसेल तर निदान कडांवरची खपली आणि मळ हँड ग्राइंडरने साफ करा. याने कडकपणा जात नाही, धक्का कमी होतो.

एमएसच्या प्लेटीला हा त्रास फारसा होत नाही, तिच्यात कार्बन कमी. म्हणून "कालच्या गॅस कटिंगच्या प्लेटा तर चालल्या" या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी काल एमएस होतं की ईएन ८ ते विचारा.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी

इन्सर्ट बसतो ती जागा दर वेळी हवेने आणि कापडाने पुसा. तिथे एक बारीक चिप राहिली तरी इन्सर्ट अधांतरी बसतो आणि पहिल्या धक्क्याला तडकतो. टवका उडून बराच वेळ चाललेल्या कटरची ती जागा दबलेली असते. असा एक दात कटरमध्ये असेल तर दर वेळी त्याच दाताचा इन्सर्ट जाईल. दातांना मार्करने एक ते पाच नंबर टाका, दोन दिवसांत कळेल. स्क्रूचा माथा घासलेला असेल तर तो फेकून द्या.

कटर बसवून प्रत्येक दाताखाली डायल, म्हणजे उंचीतला फरक दाखवणारं घड्याळ, लावा. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशाचा फरक चालेल. एक दात पाच शतांश वर असेल तर सगळं काम त्याच्या एकट्याच्या अंगावर. एका कटरमध्ये दोन कंपन्यांचे इन्सर्ट मिसळू नका. आणि एपीएमटीला एपीकेटी समजू नका. तिसरं अक्षर साइजच्या अचूकतेचं आहे, एम म्हणजे जास्त सूट, त्यामुळे दातांची उंची कमी-जास्त होऊ शकते.

नागदेवीत गेल्यावर काय सांगायचं

मशीद स्टेशनला उतरून नागदेवीच्या हत्यारबाजारात शिरलात आणि "स्टीलसाठी चांगला इन्सर्ट द्या" म्हणालात तर दुकानदार त्याच्याकडे जो पडलाय तो देईल. त्याचा दोष नाही, तुम्ही काही सांगितलंच नाही. वापरलेला इन्सर्ट कागदात गुंडाळून न्या. मटेरियल, कोरडं की ओलं, कटरचा व्यास, दात किती, स्पीड मीटरमध्ये, दातामागे फीड, आणि इन्सर्ट कसा मेला, एवढं एका चिठ्ठीवर लिहा. मग मागा: मिलिंगची, पी ३० किंवा पी ३५, पीव्हीडी, मध्यम जॉमेट्री, ई किंवा एस धार. एकदम पाच डब्या घेऊ नका. एकच घ्या आणि डबीवर पी आणि निळा रंग छापलेला बघूनच पैसे द्या. कागदी चिकटपट्टीवर हाताने लिहिलेली ग्रेड घेऊ नका.

आणून लावली की एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही चार महिने ग्रेड, फीड आणि डेप्थ एकत्र बदलत होतो, त्यामुळे कशाने फरक पडला ते कळायला मार्गच नव्हता. आता मशीनच्या दाराला दोरीने एक वही बांधली आहे. तारीख, लॉट, किती प्लेटा, धार कशी गेली. ऑपरेटर चार शब्दांत लिहितो: "१९ प्ले. पट्टा. टवका नाय."

सध्या बँडसॉच्या प्लेटांवर एका कोपऱ्यात अठरा ते वीस निघतात आणि कोपरा झिजून जातो, तुटून नाही. गॅसच्या प्लेटांवर कडा आधी मारल्या तर पंधरा-सोळा. माल टेंपोतून उतरला की पोऱ्या आधी कानस लावतो, आणि घसरली तर प्लेटीवर खडूने मोठा "गॅ" काढून ती वेगळ्या थप्पीत ठेवतो.